ग्रीक बोरसे आणि पंधराचा पट

गेल्या महिन्यात आमच्या महाविद्यालयाच्या दाराशी काळ्या ग्रॅनाइटचा एक फलक लागला. संस्थेने आजवर कोणकोणते विषय शिकवले त्याची ती यादी. मी निवृत्त आहे, रिकामा आहे, म्हणून उभा राहून सगळी वाचली. ज्या विषयाला कसाबसा एक वर्ष शिक्षक मिळाला होता, तोही तिथे होता. थंड पाण्याच्या यंत्राच्या देणगीदाराचं नाव होतं, त्यांच्या दिवंगत मातोश्रींचंही होतं. तत्त्वज्ञान नव्हतं. एका माणसाने याच इमारतीत सव्वीस वर्षं प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञान शिकवलं, हे ग्रॅनाइटच्या लक्षात राहिलं नाही. माझ्या राहिलं आहे, आणि ते फारसं सुखाचं नाही.

धुळ्याच्या आमच्या महाविद्यालयात बोरसे दोन होते. एक शारीरिक शिक्षणाचे, दुसरे तत्त्वज्ञानाचे. शिपायांनी सोयीसाठी त्यांची मैदान बोरसे आणि ग्रीक बोरसे अशी वाटणी केली. ती इतकी पक्की झाली की एकदा पगारपत्रकावरही कुणीतरी कंसात 'ग्रीक' असं लिहून टाकलं. सरांनी ते खोडलं नाही. म्हणाले, "एवढं तरी लेखी आहे."

भडगावच्या पलीकडे गिरणेच्या काठी त्यांचं गाव. दोघं भाऊ. थोरल्याने केळीची बाग केली. धाकटा पुण्याला शिकायला गेला आणि तिथे एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांकडे रोज पहाटे जाऊन प्राचीन ग्रीक शिकून आला. घरच्यांना वाटलं, पोरगा आता परदेशी जाणार. पोरगा धुळ्याला आला.

सर बुटके, काटक, बुशशर्टाचं वरचं बटणही लावलेलं. हातात कायम एक पिशवी, कुठल्याशा ठिबकवाल्याने दिवाळीला वाटलेली, आणि तिच्यात विटेएवढा ग्रीक शब्दकोश. त्या तत्त्वज्ञांची अवघड नावं मुलांच्या तोंडी बसत नाहीत, म्हणून सरांनी त्यांचं बारसं केलं होतं. जो सगळ्यांना प्रश्न विचारत फिरला आणि ज्याने स्वतः एक ओळ लिहिली नाही, तो आबा. त्याचं बोलणं लिहून काढणारा चेला तो नाना. आणि त्या चेल्याचा चेला, ज्याला प्रत्येक गोष्टीचे कप्पे करायची हौस, तो भाऊ. "इथे नाना आबाच्या तोंडी स्वतःचं घालतोय का, हे बघायचं," असं सर फळ्यापाशी म्हणत, तेव्हा बाहेरून जाणाऱ्याला वाटे, आत वाटणीचा खटला चाललाय. एका मुलाने परीक्षेत 'सरांचे आबा फार विचारी होते' असं लिहिलं होतं. सरांनी त्याला पाचपैकी तीन गुण दिले.

आबांच्या संगतीचा परिणाम म्हणून सर साधं बोलू शकत नसत. स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं, "आज फार ऊन आहे हो," की सर विचारत, "कशापेक्षा?" त्यात खवचटपणा नसे, त्यांना खरंच जाणून घ्यायचं असे. पण मे महिन्यात धुळ्यात अशी जिज्ञासा कुणाला सोसत नाही. हळूहळू त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. मी मराठीचा. माझ्या विभागातही फारसं कुणी येत नसे, म्हणून तिथे मी बसू लागलो.

एकदा बाजारात वांगी घ्यायला मी बरोबर होतो. भरताची मोठी, हिरवी वांगी. सरांनी वांगेवालीला विचारलं, "अक्का, चांगलं वांगं म्हणजे कोणतं?"

"हाई बठ्ठंच चांगलं शे, भाऊ."

"सगळंच चांगलं, ते कसं कळलं?"

बाईने त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "वांगं चांगलं शे का नही, ते भाजावर समजस. आते घेवानं व्हई ते घ्या, नही ते पुढे सरका. मागे गिऱ्हाईक शे."

सर इतके खूश झाले की चार वांगी जास्त घेतली. पुढचा महिनाभर वर्गात ज्ञान म्हणजे काय हा धडा वांग्यावर चालला. नव्या मुलांना वाटे, वांगंही ग्रीसमधलंच.

सरांचं मोठं काम म्हणजे एका ग्रीक संवादाचं भाषांतर. इंग्रजीवरून नव्हे, थेट. त्यांची एक पद्धत होती. वाक्य आधी अहिराणीत उतरवायचं आणि मग तिथून प्रमाण मराठीत आणायचं. मी विचारलं, हा वळसा कशाला? म्हणाले, "मूळ ग्रीक बाजारातलं बोलणं आहे, महाजन सर. मी थेट मराठीत आणलं की आबा कीर्तनकारासारखा बोलायला लागतो. अहिराणीत त्याला तसं बोलताच येत नाही." आणि मराठी वाक्य झालं की ते वर्गात वाचून दाखवायचं. मुलांच्या कपाळाला आठी पडली, की वाक्य बाद. एकेका पानाला महिना लागे. पंधरा वर्षांत तीन वह्या झाल्या होत्या.

या तीन वह्यांना विद्यापीठाच्या लेखी किंमत नव्हती. बढतीच्या मुलाखतीला सर जळगावला गेले, तेव्हा मीही दुसऱ्या कामाने त्याच बसमध्ये होतो. बाहेरच्या बाकावर उमेदवार मांडीवर पोराएवढ्या फायली घेऊन बसलेले. कार्यशाळांची प्रमाणपत्रं, चर्चासत्रांची प्रमाणपत्रं, चर्चासत्रात चहापानाची व्यवस्था पाहिल्याचं प्रमाणपत्र. सरांकडे एक शोधनिबंध आणि तीन वह्या. दहा मिनिटांत बाहेर आले.

"काय विचारलं?"

"ग्रीसला जाऊन आलात का, असं विचारलं. नाही म्हटलं. मग म्हणाले, या वह्यांचे चौदा निबंध करून वेगवेगळीकडे छापा, गुण भरतील."

"बरोबर आहे मग. करा की."

"एका संवादाचे चौदा तुकडे केले तर आबाने विचारलेला प्रश्न एका नियतकालिकात येईल आणि उत्तर दुसऱ्यात."

मैदान बोरसे त्याच वर्षी प्राध्यापक झाले. त्यांचा एक निबंध योगासनं आणि ग्रामविकास यांच्या संबंधावर होता. पेढे त्यांनी ग्रीक बोरशांनाही दिले, आणि सरांनी मनापासून खाल्ले, हेही सांगायला हवं.

बढती गेली ती गेली. सरांचा जीव तिच्यात नव्हता, शेवटच्या वर्षाच्या वर्गात होता. तिथेच ग्रीक तत्त्वज्ञान पूर्ण शिकवता येई. पण नियम असा, की शेवटच्या वर्षी विषयाला पंधरा विद्यार्थी हवेत. कमी पडले तर वर्ग बंद, आणि एकदा बंद झालेला वर्ग पुन्हा उघडल्याचं आमच्याकडे कुणी पाहिलेलं नाही. पहिल्या वर्षाला मुलं आली तरच ती पुढे तिथवर पोचत, म्हणून आम्ही सगळेच शिक्षक दर उन्हाळ्यात विद्यार्थी गोळा करायला गावोगाव फिरायचो. भूगोलवाले सांगत, भूगोल घ्या, तलाठी व्हाल. मी सांगे, मराठी घेतलं की स्पर्धा परीक्षा सोपी जाते. हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

एका उन्हाळ्यात मी सरांना माझ्या स्कूटरवर मागे बसवून पारोळ्याच्या बाजूच्या एका गावात नेलं. ओट्यावर एक शेतकरी बसलेले, त्यांचा मुलगा बारावी झालेला. मी सगळं रीतसर मांडलं. त्यांनी सरांकडे वळून विचारलं, "मास्तर, हाई शिकीसन पोऱ्याले काय भेटी?"

मी सरांच्या पायावर पाय दिला.

"काही भेटाव नही, नाना," सर म्हणाले.

"मंग कसाले शिकाडतस तुम्ही?"

सरांचा चेहरा उजळला. ते चपला काढून ओट्यावरच बसले. उपयोगाच्या गोष्टी कशासाठी उपयोगाच्या, मग ते ज्यासाठी, ते कशासाठी, असं करत दोघं तासाभरात कुठल्या कुठे गेले. शेतकरी हट्टाने उलटे प्रश्न विचारत होते, दोनदा चहा झाला, शेंगा आल्या. निघताना त्यांनी सरांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "लई दिनमा असं कोणी बोलनं नही." मुलाला त्यांनी आयटीआयला घातलं.

परतताना मी चिडलो. "सर, एक वाक्य गिळलं असतं तर एक विद्यार्थी मिळाला असता."

"ज्या विषयात गिळू नका असं शिकवायचं, त्याची सुरुवात गिळून करायची?"

"कुठेतरी सुरुवात तर होईल!"

त्यांच्या अशा उत्तरांचा राग येतो तो ती चुकीची नसतात म्हणून. आधीच्या उन्हाळ्यांच्या अशाच फेऱ्यांमुळे त्या वर्षी शेवटच्या वर्गाला सरांकडे चारच नावं आली.

इथे मी एक गोष्ट केली. आमच्याकडे दरवर्षी काही मुलं नुसत्या पदवीपुरती येतात. कुणी डाळमिलमध्ये कामाला, कुणी पाइपच्या कारखान्यात पाळीवर, कुणी पोलीसभरतीसाठी पहाटे धावणारा. विषय कोणता याचं त्यांना काही नसतं. मार्चमध्ये बाजारातलं गाईड घेऊन पास होतात. शेवटच्या वर्षाला आलेली अशी अकरा मुलं मी गाठली आणि त्यांच्या अर्जावर तत्त्वज्ञान लिहायला लावलं. "वर्गात यायची गरज नाही," मी सांगितलं. "हजेरीचं बोरसे सर बघून घेतील." सगळे विभाग हेच करत. मी सरांना बोललो मात्र नाही. वाटलं, उपकार गुपचूप करावा.

जुलैमध्ये यादी लागली. पंधरा नावं. सरांनी स्वतः हाताने वर्ग झाडला, बाक मोजले, कमी पडले म्हणून भूगोलातून दोन ओढत आणले. तास सुरू झाला तेव्हा समोर चौघं. तीन मुलगे आणि शबाना.

शबाना गावातलीच. तिचे वडील गाद्या भरायचे. हा विषय तिने घेतला तो तास दुपारी बाराच्या आत संपतो म्हणून. त्यानंतर घरी उशांच्या खोळी शिवायच्या असत. पण आबांशी तिचं जमलं. सर वाक्य वाचत आणि तिच्या कपाळाकडे बघत. "सर, ये ऐसा नाही बोलणार तो," ती म्हणे. "इतकं गोड नाही बोलणार. त्याला समोरच्याचा घुस्सा आलाय." सर वाक्य खोडत. त्या वर्षी भाषांतर जितकं पुढे सरकलं तितकं आधी कधी सरकलं नव्हतं.

आणि रोज सर पंधराही नावं पुकारत. प्रत्येक नावानंतर थांबत. शेजारच्या वर्गात मी कवितेच्या एका कडव्यावर अडकलेलो असे आणि भिंतीपलीकडून ते अकरा थांबे ऐकत असे.

महिन्याभराने सर त्यातल्या एकाला शोधत थेट कारखान्याच्या फाटकावर गेले. काय अडचण आहे, फी आहे का, घरी कुणी आजारी आहे का? पोरगा गांगरला आणि म्हणाला, "महाजन सरांनीच सांगितलं ना, येऊ नको म्हणून!"

दुसऱ्या दिवशी सर माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले.

"महाजन सर, नसलेल्या मुलाला शिकवता येतं?"

"नाही."

"नसलेल्या मुलाची हजेरी लावता येते?"

"येते. सगळे लावतात."

"सगळे लावतात का, हे मी विचारलं नाही."

"मग ऐका, विचारलं नसलं तरी," मी आवाज चढवला. "अकरा जण नसते तर तुमचे चौघंही नसते. तुमचा वर्ग त्या अकरांवर उभा आहे."

सरांनी पिशवीतून हजेरीपत्रक काढलं, पंधरा नावांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "नावं काढून टाकत नाही. एखाद्या दिवशी एखादा यायचा." आणि दर दिवशी त्या अकरा नावांसमोर गैरहजेरी मांडत राहिले.

हिवाळ्यात मूल्यमापन समिती येणार असं कळलं. महाविद्यालयाला रंग लागला. कुंड्या भाड्याने आल्या. स्टाफरूममध्ये आठवडाभर हजेरीपत्रकांचा कारखाना चालला. एक जण नाव वाचे, दुसरा खुणा करी. अनुभवी लोक दोन रंगांची पेनं वापरत, म्हणजे नैसर्गिक वाटतं. इतिहासाच्या एका उत्साही सहकाऱ्याने पोळ्याच्या सुट्टीलाही पूर्ण वर्ग हजर दाखवला.

प्राचार्यांनी ग्रीक बोरशांना बोलावलं. मलाही बोलावलं, कारण त्यांना समजवायचं काम माझं मानलं जाई. टेबलावर कोरं हजेरीपत्रक होतं.

"बोरसे सर, तासाभराचं काम आहे," प्राचार्य म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "मी पण तुमचा विषय वाचवायलाच बघतोय. नाहीतर समिती काय लिहील, तुम्हाला समजतं."

"समितीला काय बघायचं असतं, सर?"

"मुलं येतात की नाही."

"चार येतात."

"ते मला माहीत आहे हो! ते त्यांना कळू नये म्हणून तर..." प्राचार्य थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "महाजन, तुम्ही लिहा. अक्षर कुणाचं, कोण बघतंय?"

मी ते कोरं पत्रक उचललंसुद्धा. सरांनी माझ्या हातातून ते हळूच काढून घेतलं, प्राचार्यांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "महाजन सरांना यात घालू नका. त्यांनी माझ्यासाठी आधीच बरंच केलंय." त्यात टोमणा होता का, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

समिती आली. फेटे बांधले, लेझीम झालं, भरीत-पुरी झाली. सदस्यांनी हजेरीपत्रकं चाळली. भूगोलात शंभर टक्के, इतिहासात शंभर टक्के, माझ्याकडे सत्त्याण्णव, कारण मला थोडी लाज होती. तत्त्वज्ञानात पंधरापैकी चार. अहवालात लिहून आलं, की सर्व विभागांचं अध्यापन प्रशंसनीय असून केवळ तत्त्वज्ञान विभागात विद्यार्थ्यांची अनास्था दिसते, सबब हा वर्ग बंद करण्याचा विचार व्हावा. विचार फक्त सूचनेत असतो. महिन्याभरात वर्ग बंद झाला आणि उरलेल्या सत्रासाठी मुलं राज्यशास्त्रात वळवली. आमच्या महाविद्यालयात खरोखर शिकवल्याबद्दल बंद झालेला हा एकमेव वर्ग असावा.

नोटीस लागली त्या दिवशी शबाना स्टाफरूमच्या दारात आली. आत यायची नाही, तिथूनच बोलली.

"सर, त्या अकरांचं खरं लिहिलं तुम्ही. ठीक आहे. पण आम्ही चार तर होतो ना? रोज होतो. आमचं काय?"

सर उठून उभे राहिले.

"तुमचं खरं राहिलं, आमचा क्लास गेला," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग कमी आणि हिशोब न जुळल्याचा वैताग जास्त होता. "आबाला विचारलं असतं तर तो काय बोलला असता?"

मी वाट पाहिली. सर आता उलट प्रश्न विचारतील, असं वाटलं. सव्वीस वर्षांत त्यांनी प्रश्नाला प्रश्नाशिवाय सोडलं नव्हतं. ते म्हणाले, "माहीत नाही, बेटा." आणि पुन्हा बसले.

देवपुरातल्या त्यांच्या खोलीवर ती दोनदा शिकायला गेली. तिसऱ्यांदा नाही. तिच्या वडिलांचं म्हणणं मला रस्त्यात भेटले तेव्हा कळलं: "मार्कशीटमध्ये येणार नाही ते सबजेक्ट, मग पोरीला कशाला पाठवू, प्रोफेसरसाहब?" ओट्यावरचा तोच प्रश्न. या वेळी शेंगा नव्हत्या.

भाषांतर तिथेच थांबलं. मी एकदा विचारलं, वह्या छापायला देऊ या का? म्हणाले, ऐकणारं कुणी समोर नसलं की वाक्य बरोबर आहे की नाही, ते कळत नाही. मी म्हटलं, मला वाचून दाखवा. त्यांनी अर्धं पान वाचलं. मी तोंडभर वाहवा केली. सरांनी वही मिटली.

मी उरलेली पाच वर्षं त्यांच्याशी भांडलो, हे कबूल करतो. त्यांच्यावर चिडायचो, प्राचार्यांवर चिडायचो, आणि चिडण्याचा हक्क सगळ्यांत कमी ज्याला होता त्याच्यावर, म्हणजे स्वतःवर, चिडायचं टाळायचो. सर निवृत्त होऊन गिरणेकाठी गेले, तेव्हा निरोपसमारंभात मैदान बोरशांनी उत्तम भाषण केलं. त्याची चित्रफीतही आहे. पण मला सर दिसतात ते त्याच्या आदल्या वर्षीचे.

विषय गेल्यामुळे त्यांना कामाचे तास भरून द्यायला मुलाखतकौशल्य नावाचा एक सक्तीचा वर्ग दिला होता. मोठं सभागृह, सव्वाशे मुलं. बाहेर लग्नसराईची वाजंत्री चाललेली. मी व्हरांड्यातून जात होतो. सर व्यासपीठावर उभे होते, हातात छापील पुस्तिका, आणि ते नमुना प्रश्नोत्तरं लिहून देत होते.

"प्रश्न सातवा," ते वाचत होते. "तुमचा सगळ्यांत मोठा दोष कोणता, असं विचारल्यास काय सांगाल? उत्तर: माझा सगळ्यांत मोठा दोष असा, की मी कामात जास्तच प्रामाणिक आहे."

सव्वाशे माना खाली गेल्या. सभागृहात फक्त पेनांची खसखस. सर पुस्तिकेकडे बघत उभे राहिले. मला वाटलं आता, आता विचारतील काहीतरी.

मागच्या बाकावरून एक हात वर आला.

"सर, 'दोष असा, की' इथपर्यंत झालं. पुढचं परत सांगा ना."

आणि सरांनी ते परत सांगितलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, शेवटच्या मुलाचं लिहून होईपर्यंत.